ताशाला माईक लागत नाही

माझ्या लॅपटॉपवर एक ऑडिओ फाइल आहे. चौदा मिनिटं बावीस सेकंदांची, मोनो, आणि क्वालिटी म्हणाल तर अगदीच गरीब. सुरुवातीला एक माणूस घसा खाकरतो, 'हॅलो, चेक, हॅलो' म्हणतो, मग रावेरच्या एका बँडचं नाव आणि मालकाचा मोबाइल नंबर तीनदा सांगतो. त्यानंतर बँड वाजायला लागतो. कॅसिओ आहे, ऑक्टोपॅड आहे, एक गायक आहे, मधूनमधून एक गायिका आहे, ढोल थोडासा आहे. त्या दिवशी त्या बँडमध्ये माझे पप्पा ताशा वाजवत होते. मी गाडीपासून दहा फुटांवर उभा होतो. दहा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी शाळेतसुद्धा माझे कान सुन्न होते.

त्या फाइलमध्ये ताशा नाही.

आमच्याकडचा बँड म्हणजे काय, हे खान्देशाबाहेरच्या मित्रांना समजावताना माझी नेहमी तारांबळ उडते. लाल कोट घातलेले, पी-पी करणारे बाजावाले त्यांच्या डोळ्यांसमोर येतात. आमच्याकडे ते होतेच. क्लॅरोनेट, ट्रम्पेट, ढोल, ताशा, खुळखुळा. पण नव्वदच्या दशकानंतर त्यांच्यात कॅसिओ घुसला, मग टेम्पोवर भोंग्यांच्या जागी बॉक्स चढले, जनरेटर आला, आणि बँड म्हणजे चाकांवरचा ऑर्केस्ट्रा झाला. नवरदेव घोड्यावर, पुढे बँडची गाडी, गाडीच्या पुढे नाचणारी पोरं, आणि ४४ अंशांच्या मे महिन्यात संध्याकाळी सहाला निघालेली वरात साडेनऊला मांडवात. बऱ्हाणपूरपासून चोपड्यापर्यंत, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या कुठल्याही गावात थांबा, लोक तुम्हाला सांगतील कुठला बँड चांगला आणि कुठल्या बँडचा गायक आता दुसरीकडे गेलाय.

सीझन तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. त्याआधी मालकाला सुपाऱ्या मिळवायच्या असतात. म्हणून दसऱ्याच्या आसपास ओपनिंग. नवी गाडी, नवे ड्रेस, नवीन काही मशीन घेतलं असेल तर ते, सगळं मांडून एका मोकळ्या जागेत फुकटात वाजवायचं. मंडपवाले, केटरर, आजूबाजूच्या गावांतले चार वजनदार लोक आणि ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे असे बाप, यांना बोलवायचं. चहा-भजी. ऐकून लोक तिथेच तारखा धरतात. थोडक्यात जाहिरातीचा कार्यक्रम.

२००७ च्या दसऱ्याला आमच्या बँडचं ओपनिंग झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. गाडीला झेंडूच्या माळा. पप्पांच्या नव्या कोटाच्या बाह्या लांब होत्या म्हणून आईनं त्या आतून दुमडून टाके घातले होते. पप्पा एरवी केळीच्या गाड्या भरायला जायचे. घड डोक्यावर वाहून वाहून त्यांची मान एका बाजूला किंचित कललेली असायची आणि अंगावरच्या सगळ्या शर्टांना केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे, जे कुठल्याही साबणानं जात नाहीत. तो कोट मात्र कोरा होता. आणि त्या वर्षी मालकानं ऑक्टोपॅड आणला होता. चकचकीत काळी पेटी, आठ रबरी चौकोन. एका चौकोनावर मारलं की ढोलकी, दुसऱ्यावर मारलं की संबळ, तिसऱ्यावर काहीतरी परदेशी. आम्ही पोरं ताशा बघायला गेलोच नव्हतो. आम्ही पेटी बघायला गेलो होतो.

ऑपरेटरनं त्या दिवशीचं रेकॉर्डिंग केलं. मिक्सरच्या मागे 'रेक आउट' लिहिलेली दोन भोकं असतात. तिथून वायर काढून टेपरेकॉर्डरच्या 'लाइन इन'मध्ये घातली की मिक्सरमध्ये जे जे येतंय ते थेट कॅसेटवर. मधे हवा नाही, गर्दी नाही, शिट्ट्या नाहीत. नंतर मालक त्या कॅसेटच्या कॉप्या करून गावोगाव वाटणार होता.

इथे थोडं तांत्रिक बोलावं लागेल.

मिक्सरमध्ये तेच येतं ज्याला वायर आहे. कॅसिओला वायर आहे. ऑक्टोपॅडला आहे. गायकाच्या हातात माईक आहे. ढोलापाशी एक जुना माईक ठेवला होता. ताशाला काहीच नव्हतं, कारण ताशाला काही लागत नाही. तांब्याचं किंवा पत्र्याचं कढईसारखं भांडं, त्यावर ताणलेला पडदा, दोन बारीक लवचिक काठ्या. बंद खोलीत कुणी तर्री घेतली तर तुम्ही बाहेर जाल. गाडीसमोर नाचणाऱ्या माणसाला ताशा माईकशिवायच सगळ्यात जास्त ऐकू येतो. ऑपरेटरचा निर्णय त्या मैदानापुरता शंभर टक्के बरोबर होता. फक्त कॅसेटच्या बाजूनं बघितलं तर जो माणूस त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं वाजवत होता, तो आलाच नव्हता.

हे असं का होतं, ते मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कळलं, आणि तेही एका ऑस्ट्रेलियन बँडमुळे.

जळगावच्या होस्टेलला माझा रूममेट भुसावळचा होता. वडील रेल्वेत, म्हणून पोरगा चार राज्यांत वाढलेला, आणि त्याच्याकडे एक टीबीची हार्ड डिस्क. त्यात सिनेमे होते, इतरही बरंच होतं, आणि एक फोल्डर होता ज्यातल्या प्रत्येक नावाच्या शेवटी कंसात 'एसबीडी' किंवा 'एयूडी' लिहिलेलं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, एयूडी म्हणजे प्रेक्षकांत बसून चोरून केलेलं रेकॉर्डिंग, एसबीडी म्हणजे साउंडबोर्ड, थेट मिक्सरवरून. मग त्यानं मला एसी/डीसीचं एक रेकॉर्डिंग लावून दिलं.

७ डिसेंबर १९७७, न्यूयॉर्क, अटलांटिक कंपनीचा स्वतःचा स्टुडिओ. त्या वर्षी एसी/डीसी पहिल्यांदाच अमेरिकेत वाजवत फिरत होते. तिकडे त्यांना फार कुणी ओळखत नव्हतं आणि त्यांची गाणी रेडिओवर लागत नव्हती. कंपनीनं डोकं लढवलं. स्टुडिओतच थोडे लोक बोलवायचे, बँडला त्यांच्यासमोर वाजवायला लावायचं, ते रेडिओवरून सोडायचं आणि नंतर त्याची तबकडी काढून फक्त रेडिओ स्टेशनांना वाटायची. विकायची नाही. ऐका, आवडलं तर लावा. म्हणजे ओपनिंगच! झेंडूच्या माळा तेवढ्या नव्हत्या.

आठ गाणी आहेत. विकायला नसलेली तबकडी असल्यामुळे तिच्या बेकायदा कॉप्या जगभर फिरल्या. गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला वारला. त्याच वर्षी नवा गायक घेऊन बँडनं 'बॅक इन ब्लॅक' काढला, तो प्रचंड चालला, आणि बॉन स्कॉटचा काळ हा जुन्या चाहत्यांचा विषय होऊन बसला. हे रेकॉर्डिंग अधिकृतपणे दुकानात आलं ते १९९७ मध्ये, बॉन स्कॉटच्या आठवणीत काढलेल्या 'बॉनफायर' या संचात. वीस वर्षं लागली.

मला तोवर हार्ड रॉकमधलं काही कळत नव्हतं. आता कळतं असा दावा नाही. पण ते पहिल्यांदा ऐकताना मी गिटारकडे लक्षच दिलं नाही. मी ड्रमर ऐकत होतो. फिल रड नावाचा माणूस. काही करामती करत नाही, कुठेही मधे तोंड घालत नाही, फक्त ठोका जिथे पडायला हवा तिथे पाडतो, आणि त्याचा प्रत्येक ठोका ऐकू येतो. काठी झांजेला कुठे लागली तेसुद्धा. कारण ते सगळं स्टुडिओत झालं होतं. तिथे मोठ्यानं वाजणाऱ्या वाद्यालाही माईक लावतात. रूममेटनं मग त्याच फोल्डरमधली छोट्या हॉलमधली काही साउंडबोर्ड रेकॉर्डिंग्ज ऐकवली. त्यात गायक कानाशी येऊन ओरडतोय आणि गिटार शेजारच्या घरात वाजतेय. तो म्हणाला, लहान जागेत गिटारचा अँप्लिफायर स्टेजवरूनच सगळ्यांच्या कानठळ्या बसवतो, म्हणून मिक्सरवाला त्याला आत घेतच नाही. मी उठून बसलो. रात्रीचे दोन वाजले होते. मी त्याला ताशाबद्दल सांगायला लागलो आणि तो झोपून गेला.

आमच्या ओपनिंगचं रेकॉर्डिंग मला त्यानंतर वर्षभरानं सापडलं. मी शोधत नव्हतो. मालकाच्या घरची कॅसेट कधीच गेली होती. पण २००९-१० च्या सुमारास मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्ड भरून द्यायचा धंदा जोरात होता, तो आठवत असेल. दहा-वीस रुपये द्या, दोन जीबी गाणी घेऊन जा. काय भरलंय ते दुकानदाराच्या मर्जीवर. त्यात हिंदी, अहिराणी, भीमगीतं, कव्वाल्या आणि 'खान्देशी बँड लाइव्ह' असं काहीबाही असायचं. कुणीतरी ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली होती आणि ती कार्डाकार्डांवरून फिरत राहिली होती. होस्टेलमधल्या चोपड्याकडच्या एका पोराच्या मोबाइलवर मला ती मिळाली. त्यानं ती गणपतीत लावली, घसा खाकरणारा माणूस आला, रावेर म्हणाला, आणि मी धावत जाऊन फोन हिसकावून घेतला. त्याला वाटलं मला आवाज आवडला नाही.

त्या शनिवारी मी घरी गेलो. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी, खिडकीतून तासभर नुसत्या केळीच्या बागा. रात्री जेवणं झाल्यावर फोन ताटलीत ठेवून लावला, आवाज मोठा यावा म्हणून. आईनं पूर्ण ऐकलं. चौदा मिनिटं हातातलं काम बाजूला ठेवून. मग म्हणाली, "तुह्या पप्पाचं वाजनं त येतच नही ह्याच्यात."

पप्पा अंगणात होते. ते आलेच नाहीत.

मधल्या काळात काय झालं होतं, तेही सांगायला हवं. ऑक्टोपॅड आल्यावर दोन सीझन ताशा राहिला. मग मालकानं हिशोब केला. एका पेटीत ढोलकी, संबळ, ताशासुद्धा, आणि पेटी दारू पीत नाही, उचल मागत नाही, तिला ड्रेस लागत नाही. पप्पा दारू पीत नव्हते, पण उचल घ्यायचे, माझ्या फीसाठी. २०१० मध्ये त्यांना सांगितलं गेलं की यंदा बघू. पुढच्या वर्षी कुणी काही सांगितलंच नाही. पप्पांनी ताशा माळ्यावर ठेवला आणि बाराही महिने केळीच्या गाड्या भरायला लागले. मालकाला मी दोष देत नाही. मी स्वतः जे काम करतो त्यात चार माणसांचं काम एका स्क्रिप्टमध्ये बसवलं की अप्रेझलला कौतुक होतं.

तर त्या रेकॉर्डिंगमध्ये ज्या पेटीनं पप्पांची जागा घेतली, ती अगदी स्वच्छ ऐकू येते. तिला वायर होती.

पुण्यात नोकरी लागल्यावर काही वर्षं मी हे विसरलो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बीटल्सचं एक 'नवं' गाणं आलं, 'नाऊ अँड देन'. जॉन लेननला जाऊन ४३ वर्षं होत आली होती. त्यानं घरी पियानोवर बसून कॅसेटवर केलेलं ते कच्चं रेकॉर्डिंग होतं. नव्वदच्या दशकात उरलेल्या तिघांनी त्यावर काम करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, कारण पियानो आणि आवाज एकमेकांत चिकटलेले. आता मशीन लर्निंगनं लेननचा आवाज वेगळा काढता आला. ऑफिसमध्ये सगळे त्या गाण्याबद्दल बोलत होते. मी जेवणाच्या सुट्टीत डाउनलोडला लागलो.

असं काम करणारी साधनं फुकटात मिळतात. डीझर कंपनीचं स्प्लीटर २०१९ चं आहे, फेसबुकच्या संशोधकांचं डीमक्स आहे. गाणं द्या, ते चार भाग करून देतात: गळा, ड्रम, बेस आणि बाकीचं. मी आमची फाइल दिली. डीमक्सनं गायक सुंदर काढला. ऑक्टोपॅड 'ड्रम'मध्ये टाकला, ढोलाचा अर्धा भाग 'बेस'मध्ये, कॅसिओ 'बाकीचं'मध्ये. ताशा कुठेच नाही. अर्थात त्यालाही दोष नाही. अशी मॉडेल्स ज्या गाण्यांवर शिकवतात त्यांच्यातला सगळ्यात प्रसिद्ध संग्रह १५० गाण्यांचा आहे, आणि ती बहुतेक पाश्चात्त्य पॉप-रॉक. त्याला ताशा माहीतच नाही. माहीत नसलेला आवाज आला की ते त्याला चारांपैकी कुठल्यातरी डब्यात ढकलतं.

तीन-चार आठवडे मी रोज रात्री त्यावर बसलो. हेडफोन लावून एकच एक चौदा मिनिटं. एका रात्री कंटाळून मी गायकाचा वेगळा काढलेला भाग नुसताच ऐकत होतो आणि ओळ संपल्यावर, पुढची ओळ सुरू होण्याआधी, मागे काहीतरी खरखरलं. टेपचा हिस वाटला. पण हिसला लय नसते.

गायकाच्या हातात माईक होता आणि पप्पा त्याच्या डाव्या बाजूला पाच-सहा फुटांवर उभे होते. तो गात असताना त्याच्या गळ्याखाली सगळं दबलेलं. तो थांबला की माईक उघडाच. चांगला ऑपरेटर अशा वेळी माईकचा फेडर खाली ओढतो. आमचा ऑपरेटर आळशी होता, किंवा भजी खात होता. त्याशिवाय त्या स्वस्त टेपरेकॉर्डरला आपोआप लेव्हल ठरवायची सवय: मोठा आवाज बंद झाला की तो आपला आपण संवेदनशील व्हायचा आणि बारीक आवाज वर ओढायचा. त्यामुळे गायक जिथे जिथे श्वास घेतो, जिथे कडवं संपतं, तिथे तिथे ताशा दार ढकलून थोडा आत येतो आणि गायक परत आला की बाहेर जातो.

मग काम सरळ झालं. मी त्या सगळ्या फटी कापून काढल्या. उरलेली अडचण ऑक्टोपॅडची होती, पण पेटीची एक गोष्ट बरी असते, एका चौकोनावर कितीही वेळा मारा, आत साठवलेला तोच आवाज निघतो, फक्त लहान-मोठा. त्याचा एक स्वच्छ नमुना घेतला आणि प्रत्येक ठोक्याखालून वजा करत गेलो. पूर्ण वजा होत नाही, कारण कॅसेट सारख्या वेगानं फिरत नाही, थरथरते. तरी पुष्कळ गेलं. शेवटी सगळ्या फटी एकापुढे एक जोडल्यावर एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद ताशा उरला. पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा, लांबचा, पण ताशा.

एका ठिकाणी मात्र काहीच नव्हतं. दुसऱ्या कडव्यानंतरची सगळ्यात लांब फट, त्यात चार ठोक्यांची जागा पूर्ण रिकामी. कॅसेट खराब म्हणावं तर ऑक्टोपॅड तिथे व्यवस्थित वाजत होता. म्हणजे चूक माझ्या कोडमध्ये. दोन रात्री घालवल्या, नमुना बदलून पाहिला, चूक सापडली नाही.

याच काळात मी अशा रेकॉर्डिंग्जबद्दल वाचत होतो. अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाचा बँड होता, त्यांची बेटी कँटर नावाची ध्वनितंत्रज्ञ मिक्सरवरून फार चांगल्या टेप करायची. त्या टेप पुढे एका भाड्याच्या गोदामात पडल्या आणि भाडं थकलं म्हणून १९८६ मध्ये लिलावात गेल्या. त्यांतलाच १९७७ चा एक कार्यक्रम आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जपणुकीच्या यादीत आहे. आपल्याकडचीही एक गोष्ट आहे. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी रेकॉर्ड केली. चोरट्या कॉप्यांमधून ती फिरत राहिली, अधिकृतपणे आली २०१५ मध्ये, 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत. मी ती मुद्दाम ऐकली. तबला स्पष्ट आहे. गाण्याच्या नावापुढे कंसात लिहिलंय, 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. मला त्या कंसाचा राग आला होता. मग आठवलं, की आमच्या कॅसेटच्या सुरुवातीला बँडचं नाव आणि मालकाचा नंबर तीनदा येतो आणि वादक एकही नाही.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा चांगला स्पीकर घेऊन गेलो. पप्पा आता साठीच्या जवळ आलेत. आपण बोललेलं त्यांना कळतं, पण टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतात, आणि कुकरची शिट्टी झाली हे आईनं सांगावं लागतं. आदल्या वर्षी मी त्यांचे कान तपासून घेतले होते. आलेख काढून देतात, त्यात रेघ डावीकडून नीट चालत येते आणि चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात पडते. खूप मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा आलेख असाच असतो, कारखान्यातला असो की वरातीतला. पहिलं नुकसान तिथेच होतं. हे मला माहीत होतं. आलेख माझ्याच फोनमध्ये होता. तरीही दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नव्हतं.

मी एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद लावले. आई म्हणाली, "हाव, हाच." तिचे डोळे भरले होते. पप्पा स्पीकरकडे बघत होते, पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखे. संपल्यावर म्हणाले, "लाव ना."

"झालं वाजून."

"मले त काहीच आयकू नही आलं. कुई-कुई झालं नुसतं."

ताशाचा सगळा कडकपणा वरच्या आवाजात असतो, आणि मी तर मागचं ढोलाचं वजनसुद्धा साफ करून टाकलं होतं, शुद्ध ताशा मिळावा म्हणून. त्यांच्यापुरतं त्या फाइलमध्ये काही उरलंच नव्हतं. मी परत लावलं, आवाज पूर्ण वाढवून. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. पप्पांनी हातानं नको म्हटलं.

मग आईनंच सांगितलं, "ते आधीचं लाव, गाण्याचं."

मूळ फाइल लावली. घसा खाकरणारा आला, पप्पा लगेच हसले आणि त्याचं नाव घेतलं, तो आता बऱ्हाणपूरला असतो म्हणाले. गायक सुरू झाला. पप्पा म्हणाले, "लय ठेवलंय गाणाऱ्याले." त्यांच्या मांडीवर दोन्ही हातांची पहिली दोन बोटं हलत होती. ओळ संपायच्या किंचित आधी त्यांचा वेग वाढायचा आणि फटीत, जिथे मला आता त्यांचा ताशा ऐकू येत होता, तिथे बोटं आणि ताशा एकत्र चालत होते. त्यांना फक्त गाणं आणि ढोल येत होता. मी मान खाली घालून त्यांच्या मांडीकडे बघत राहिलो. दुसरं कडवं संपलं. लांब फट आली. बोटं चालू झाली आणि मधेच थांबली. उजवा हात कमरेपाशी गेला, काहीतरी उपसल्यासारखा, आणि परत मांडीवर आला. चार ठोके.

मी फाइल थांबवली. "इथं काय झालं?"

"काडी मोडली होती ना. पट्ट्यात दुसरी खोसलेली राहे माह्या." मग आईकडे वळून, "कोटाची बाही अडकली, नहीत तीनातच काढली असती."

आई म्हणाली, टाके नीटच घातले होते.

त्यावर दोघांचं बराच वेळ चाललं. मी लॅपटॉप उघडून त्या दोन रात्रींत केलेले कोडमधले बदल मागे घेतले. झोपायच्या आधी पप्पांनी त्यांचा बटणांचा फोन आणून दिला आणि म्हणाले, कार्डात टाकून दे. मी विचारलं, कुठलं? फक्त ताशाचं टाकू का?

"गाणाऱ्यासकट टाक," पप्पा म्हणाले. "नुसता ताशा कोण आयकते?"